पोटाचा वजनकाटा : मोजून खावे, की भाकरी सोडावी?

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



दर अंकात मी आपल्याशी लावण, बेणे, खोडवा आणि पाचट यांविषयी बोलत असतो. या अंकासाठीही हुमणीवरचा लेख निम्मा लिहून झाला होता. तो बाजूला ठेवून आज निराळ्या विषयावर लिहीत आहे. विषय आहे माणसाच्या वजनाचा. मी काही डॉक्टर नव्हे. कृषी पदविका घेऊन शेतकी खात्यात आलेला माणूस. औषधपाणी सांगण्याचा मला अधिकार नाही. पण वजन उतरवण्याचे जे दोन मार्ग आज गावोगावी पारावर आणि लग्नाच्या मांडवात चर्चिले जातात, ते दोन्ही मी स्वतः करून पाहिले आहेत. त्यातल्या एकाविषयी अर्धवट बोललो, आणि त्याचा त्रास आपल्याच एका सभासदाला झाला. ती चूक दुरुस्त करण्यासाठी हा लेख.

बांधावरचा प्रसंग

गेल्या ऑगस्टातली गोष्ट. आडसाली लावणीच्या नोंदी तपासायला सकाळी नऊच्या सुमारास एका गावी गेलो होतो. पावसाने ओढ दिलेली, लाईट रात्रीची. आपले एक जुने सभासद (नाव सांगत नाही, आबा म्हणू) रात्रभर पाणी पाजून बांधावर बसले होते. वारा गार, आणि आबांच्या अंगाला दरदरून घाम. हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. शेजारचा एकजण माझ्या कानाशी म्हणाला, “साहेब, सकाळी सकाळीच घेतलीया वाटतं.” आबा माळकरी आहेत हे मला ठाऊक होते. मी त्यांच्या मुलाला हाक मारली.

मुलगा म्हणाला, “आठ दिस झालं, भाकरी-भात समदं बंद केलंय त्यांनी. साखरेची गोळी तेवढी रोज चालू हाय.” मग थोडा थांबून म्हणाला, “साहेब, तुमचं बघूनच केलंय.”

कारखान्यातल्या प्रथमोपचाराच्या वर्गात ऐकलेले आठवले. आबा शुद्धीवर होते, गिळू शकत होते. वस्तीवरून पेलाभर पाण्यात चार चमचे साखर कालवून आणली आणि हळूहळू पाजली. दहा-पंधरा मिनिटांत घाम थांबला, ओळख पटली. तसेच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सांगितले ते असे : साखर उतरवणारी गोळी पोटात आणि तिने उतरवायला ताटात काहीच नाही, वर रात्रभर दारे धरण्याचे कष्ट. रक्तातली साखर धोक्याच्या खाली गेली. आणखी थोडा उशीर झाला असता, तर बेशुद्ध पडले असते.

आता “तुमचं बघून” म्हणजे काय, ते सांगतो. त्याच वर्षी मे महिन्यात एका लग्नात आबा भेटले होते. “साहेब, गाल बसलं की तुमचं. काय केलं?” असे त्यांनी विचारले. मी रुबाबात उत्तर दिले, “काही नाही आबा, भाकरी बंद केली.” एवढेच बोललो. त्यांना गोळी चालू आहे का, हे विचारले नाही. शेजाऱ्याने किती पोती युरिया टाकला ते बघून आपल्या रानात टाकू नका, आधी माती तपासा, असे मी वीस वर्षे सांगत आलो. आणि मी स्वतः आबांना शेजाऱ्याचाच डोस सांगून मोकळा झालो.

वजन वाढते कशाने?

नोकरीला लागलो तेव्हा माझे वजन ६४ किलो होते. मोटारसायकल गावाच्या वेशीपर्यंत, पुढे प्लॉट पायी. आता जीप बांधाला लागते आणि उसाची नोंद मोबाईलवर होते. दोन वर्षांपूर्वी कारखान्यावर आरोग्य शिबिर झाले, त्यात माझे वजन ८८ किलो भरले, कंबर १०२ सेंटिमीटर, आणि साखर अगदी सीमेवर. शिबिरातले डॉक्टर म्हणाले, “उसाचं पान पिवळं पडलं की तुम्ही धावत जाता. स्वतःकडं कधी बघणार?”

आपले सर्वांचेच थोड्याफार फरकाने असे झाले आहे. औताची बैलजोडी गेली, ट्रॅक्टर आला. मोट केव्हाच गेली, आता ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवला की काम झाले. तोडणीला टोळी येते, कुठे मशीन येते. कष्ट निम्म्यावर आले, पण ताट मात्र औत हाकणाऱ्याचेच राहिले. शिवाय त्यात फरसाण, वडापाव आणि बाटलीतली सरबते यांची भर पडली.

‘आम्ही कुठं लठ्ठ आहोत? हातपाय तर काड्या आहेत,’ असे काहीजण म्हणतील. त्यांच्यासाठी पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण सांगतो. त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडचा माणूस दिसायला बारीक असला, तरी आतून चरबी बाळगून असतो, आणि ती बहुधा पोटावर असते. म्हणून काट्याबरोबर टेपही हवी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की सावध व्हावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटी १० लाख आहेत आणि त्या वाटेवर असलेले १३ कोटी ६० लाख. हा आजार आता फक्त शहरातला राहिलेला नाही.

पहिला मार्ग : मोजून खाणे

अन्नातून मिळणारी ऊर्जा ज्या मापाने मोजतात त्याला उष्मांक, म्हणजेच कॅलरी म्हणतात. अमेरिकेतील विल्बर अ‍ॅटवॉटर या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता मोजली. त्याच्या कामातून निघालेले आकडे आजही वापरात आहेत. एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर म्हणजे ४ उष्मांक, एक ग्रॅम प्रथिने म्हणजे ४, आणि एक ग्रॅम तेल-तूप म्हणजे ९. पुढे १९१८ साली ल्युलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टरबाईंनी उष्मांक मोजून वजन कसे उतरवावे याचे पुस्तक लिहिले, आणि मोजून खाण्याची पद्धत घरोघरी गेली.

तत्त्व सोपे आहे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक साठलेले असतात. रोजच्या गरजेपेक्षा ५०० उष्मांक कमी घेतले, तर कागदावर आठवड्याला जवळजवळ अर्धा किलो उतरतो. प्रत्यक्षात वजन उतरले की शरीराची गरजही उतरते, त्यामुळे पुढे वेग मंदावतो.

शिबिरानंतर जूनमध्ये मी खिशात छोटी वही ठेवली. पहिला आठवडा काहीच बदलले नाही, फक्त लिहिले. बेरीज २,६०० च्या खाली येईना. मला वाटले होते, दोष भाकरीचा असणार. वही निराळेच सांगत होती. सत्तर ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी म्हणजे साधारण २४० उष्मांक. आता आमचे काम असे, की प्रत्येक वस्तीवर चहा, आणि नको म्हटले तर माणूस दुखावतो. मी दिवसाला नऊ कप घेत होतो. प्रत्येकात दोन चमचे साखर, एक चमचा पाच ग्रॅमचा. झाले ९० ग्रॅम, म्हणजे ३६० उष्मांक. दीड भाकरी मी रोज नुसती पीत होतो! मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे १७० उष्मांक. फरसाण ५० ग्रॅम, अडीचशेच्या वर. तेलाचा एक चमचा ४५. हे सगळे ‘खाल्ले’ म्हणून कधी धरलेच नव्हते.

मग रोज १,८०० उष्मांकांची मर्यादा घालून घेतली. चहा बिनसाखरेचा, अर्धा कप. दाणे मोजून. भाकरी दोन्ही वेळा, पण एकेकच. ऑक्टोबरअखेर काटा ८३ वर आला. पाच महिन्यांत पाच किलो.

मग गळीत हंगाम सुरू झाला. आपण जाणताच, हंगामात शेतकी खात्याला दिवस-रात्र कळत नाही. टोळी पळाली, ट्रॉली उलटली, गव्हाणीवर ऊस कमी पडला, सगळे फोन रात्री. वही जीपच्या खणात गेली ती मार्चमध्ये सापडली. तोवर काटा साडेपंच्याऐंशीवर परतला होता. मोजण्याच्या मार्गाची खोट इथे आहे. हिशेब खरा असतो, पण तो रोज लिहायला स्वस्थपणा लागतो. शिवाय आपल्याकडे एका कढईत घरभराची भाजी होते. त्यातले आपल्या वाटीत किती तेल आले, हे कोण सांगणार?

दुसरा मार्ग : भाकरी-भात सोडणे

हा मार्ग नवा आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा, अंत्यविधीची व्यवस्था करणारा एक व्यावसायिक होता. वजन ९२ किलोच्या घरात, कानाने ऐकू कमी. कानाच्या डॉक्टरांकडे गेला, तर त्यांनी पाव, साखर, बटाटा, दूध आणि बिअर सोडायला सांगितले. साधारण वर्षभरात त्याचे २१ किलो उतरले. १८६३ साली त्याने ही हकिकत छापून लोकांना वाटली. पुढे १९७२ साली न्यूयॉर्कचे डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकाने हीच वाट जगभर गाजली.

यात मोजायचे काही नाही. भाकरी, चपाती, भात, पोहे, बटाटा, साखर, गूळ कमी किंवा बंद. त्याऐवजी अंडी, मासळी, पनीर, पालेभाज्या, दाणे. पिष्ट पोटात गेले की त्याची साखर होते आणि रक्तात येते. ते कमी झाले की रक्तातली साखर कमी चढते. प्रथिने जास्त गेल्याने भूकही लवकर लागत नाही.

एप्रिलमध्ये मी हे सुरू केले. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले. मला आकाश ठेंगणे झाले! पुढे कळले, ते बहुतेक पाणी होते. आपले शरीर थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते आणि तिच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. पिष्ट बंद झाले की हा साठा वापरला जातो आणि पाणी निघून जाते. तोडलेला ऊस दोन दिवस फडात उन्हात पडला की वजन घटते, आणि त्यावरून तुमचे-आमचे वाद होतात. ते घटलेले वजन मुख्यतः पाण्याचेच असते. इथेही तसेच. खरी चरबी त्यानंतर हळूहळूच उतरते.

जूनच्या मध्यापर्यंत ८१ वर आलो. भूक कमी लागायची हे खरे. पण पहिले आठ दिवस डोके दुखले, पोट साफ होईना. घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. अंडी-पनीरचा खर्च वाढला. आमच्या सौ. म्हणाल्या, “तुमचं वजन उतरतंय, माझं काम चढतंय.” आईने तर पहिल्याच दिवशी ताटाकडे पाहून विचारले, “भाकरीनं कुणाचं वाईट केलंय रं?” शाकाहारी माणसाला हा मार्ग आणखी अवघड, कारण आपल्या डाळी-उसळींत प्रथिने असली, तरी निम्म्याहून अधिक पिष्टच असते. लग्नसराईत कसाबसा टिकलो. जूनअखेर पाहुण्यांकडे एकदा आमरस-पुरीला बसलो आणि बांध फुटला. जुलैत काटा साडेब्याऐंशीवर.

आबांना मी मे महिन्यात भेटलो होतो. म्हणजे उतरत्या काट्याची बढाई तेवढी त्यांच्या कानी गेली. जुलैचा काटा त्यांना कुणी सांगितला नाही.

दोन्ही मार्ग एका काट्यावर

माझा एकट्याचा अनुभव म्हणजे एका प्लॉटचा प्रयोग. त्यावरून शिफारस होत नसते. पण या दोन मार्गांची समोरासमोर चाचणी झालेली आहे, आणि ती आपल्याला कळण्यासारखी आहे.

इस्रायलमध्ये डिमोना येथे एका संशोधन केंद्राच्या कर्मचाऱ्यांवर दोन वर्षे हा प्रयोग झाला. दुपारचे जेवण तेथल्याच कँटीनमध्ये असे. ३२२ माणसे, सरासरी वय ५२, बहुतेक पुरुष, सगळे वजनदार. म्हणजे आपल्या वार्षिक सभेतली पुढची रांगच समजा. त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाने तेल-तूप कमी करून उष्मांक मोजायचे : पुरुषांनी १,८०० आणि स्त्रियांनी १,५००. दुसऱ्यानेही तेवढेच मोजायचे, पण भाज्या, मासळी, ऑलिव्हचे तेल असा भूमध्य समुद्राकडचा आहार. तिसऱ्याने फक्त पिष्ट कमी करायचे. उष्मांकांवर बंधन नाही, पोटभर जेवा.

दोन वर्षांनी निकाल लागला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गटाचे सरासरी २.९ किलो उतरले, दुसऱ्याचे ४.४, तिसऱ्याचे ४.७. पिष्ट सोडणारे पुढे दिसतात खरे. रक्तातल्या चरबीच्या काही मोजमापांतही त्यांची सुधारणा अधिक होती. पण मोजून खाणारा भूमध्य गट त्यांच्या अगदी मागोमाग आहे, हेही पाहा. आणि खरी मेख पुढे आहे. ज्यांना ‘मोजू नका, पोटभर खा’ असे सांगितले होते, त्यांचेही रोजचे उष्मांक इतर गटांएवढेच कमी झालेले आढळले. भाकरी गेली की भाकरीबरोबर जाणारे पुष्कळ काही आपोआप कमी होते. एकाने वहीने ताट लहान केले, दुसऱ्याने भाकरी काढून ताट लहान केले. ताट दोघांचेही लहान झाले, एवढे खरे.

चार वर्षांनी पुन्हा काटा लावला. सुरुवातीपासून सहा वर्षांचा हिशेब २०१२ साली छापला गेला. मोजणाऱ्या पहिल्या गटाचे जेमतेम ०.६ किलो कमी राहिले होते, भूमध्य गटाचे ३.१, आणि पिष्ट सोडणाऱ्यांचे १.७. म्हणजे बऱ्याच जणांचे वजन परत आले.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांवर वर्षभर केलेल्या प्रयोगाचा निकाल २०१८ साली आला. तेल-तूप कमी करणाऱ्यांचे सरासरी ५.३ किलो उतरले, पिष्ट कमी करणाऱ्यांचे ६.०. हा फरक शास्त्रज्ञांनी नगण्य मानला. मात्र दोन्ही गटांत काहींचे पंचवीस किलोहून अधिक उतरले, आणि काहींचे उलट वाढले. एकच जात, एकच खत, पण प्रत्येक रानाचा उतारा निराळा, हे आपल्याला नवीन नाही.

तेव्हा ‘कोणता मार्ग खरा’ या प्रश्नाला माझे उत्तर असे : सहा महिन्यांत किती उतरले हे विचारू नका. सहा वर्षे कोणता चालेल, ते विचारा. लावण सगळ्यांचीच चांगली दिसते, कस लागतो तो खोडव्याला.

आपल्या ताटात काय बदलावे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात म्हटले आहे, की आपल्याकडे रोजच्या ऊर्जेपैकी ५० ते ७० टक्के ऊर्जा धान्यातून येते, ती ४५ टक्क्यांच्या आसपास असावी. म्हणजे भाकरी सोडा असे कुणी म्हणत नाही. ढीग कमी करा, आणि मोकळ्या झालेल्या जागी उसळ, डाळ, ताक, अंडी, भाजी येऊ द्या, एवढेच. दोन्ही मार्गांतले चालण्याजोगे ते घेऊन मी स्वतः तिसरा, मधला मार्ग धरला आहे. वर्षातून दोनदा, हंगामाआधी आणि हंगामानंतर, एक आठवडा वही लिहितो, म्हणजे चोर कुठे आहे ते कळते. एरवी काही मोजत नाही. एका वेळी एक भाकरी, भात असेल तर अर्धी, बिनसाखरेचा चहा, आणि आधी भाजी-उसळ. आज काटा साडेएकोणऐंशीवर आहे. माझ्या उंचीला तो अजून जास्तच आहे, पण गेला अख्खा हंगाम तो चढला नाही.

आता साखरेचे. दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर आपण हौसेने घरी नेतो. एकदा हा हिशेब करा. पाच माणसांच्या घरात महिन्याला दहा किलो साखर लागत असेल, तर माणशी रोज ६६ ग्रॅमच्या वर झाली, म्हणजे तेरा चमचे. वर सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ती २५ ते ३० ग्रॅमवर थांबावी. ‘आम्ही गूळ खातो’ म्हणून सुटका नाही, उष्मांकांच्या काट्यावर गूळ आणि साखर जवळजवळ सारखेच. आणि रसाविषयी तुम्हाला मी काय सांगावे? ब्रिक्स १८ आले की तोडणीला पक्व म्हणून आपण खूश होतो. त्याच रसाच्या २०० मिलिलिटरच्या पेल्यात ३५ ग्रॅमच्या आसपास विरघळलेला ऐवज असतो, आणि तो बहुतेक साखरच.

हे लिहितोय असे कळल्यावर कार्यालयात एकाने विचारले, “साहेब, आपल्याच पोटावर पाय देताय?” प्रश्न रास्त आहे. माझा पगार उसावर चालतो, तुमचा संसार उसावर चालतो. रात्रभर मी यावर विचार केला. आपल्या गोदामातली साखर देशभर जाते, मळीची आणि रसाची इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जाते. ते मिश्रण देशात २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचले. आपल्या घरातले चार चमचे कमी झाल्याने कारखान्याचे काही बिघडत नाही. पण सभासदाचा पाय गेला, डोळे गेले, तर त्याचे रान पडते, पोरे शाळा सोडून पाणी पाजायला येतात. असे दोन फड माझ्या नोंदवहीत आहेत. साखर पिकवावी, विकावी, सणाला आनंदाने खावी. रोज पोत्याने खाऊ नये, हे साखर कारखान्याच्या माणसाने सांगितले तर ते अधिक पटेल, असे मला वाटले.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१) मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी-भात एकदम बंद करू नये आणि उपासही धरू नये. आहार कमी झाला की औषधाचे प्रमाण बदलावे लागते, आणि ते डॉक्टरांनीच बदलायचे असते. मनाने गोळी सोडणेही तितकेच घातक.

२) लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या काहींना चालू असतात. त्यांनी पिष्ट एकदम तोडले, तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. आपली गोळी कोणत्या प्रकारची, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

३) किडनीचा विकार असणारे आणि गरोदर भगिनी यांनी यातला कोणताही प्रयोग मनाने करू नये.

४) मधुमेही माणसाला अचानक घाम, थरथर, बरळणे असे झाले, तर तो प्यायला आहे असे धरून चालू नये. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर साखरेचे पाणी द्यावे आणि दवाखाना गाठावा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक वाहन करावे. रात्री पाणी पाजायला जाणाऱ्या अशा सभासदाने खिशात साखरेची पुडी ठेवावी.

५) वजन आठवड्यातून एकदाच करावे, सकाळी, त्याच काट्यावर. रोज काट्यावर चढणाऱ्याला पाण्याची चढउतार फसवते.

६) जेवणाची बदल एका वेळी एकच करावी. आधी चहातली साखर, ती महिनाभर टिकली की मग भाकरीचा ढीग.

७) आपल्या प्लॉटला रोज एक फेरी पायी घालावी. वजनही राहते आणि हुमणीही वेळेत दिसते.

शेवटी

आबा आता बरे आहेत. डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलून दिली. ते भाकरी खातात, एका वेळी एक. चहा बिनसाखरेचा. मागच्या महिन्यात त्यांच्या उसाची ट्रॉली काट्यावर आली होती. पावती हातात घेऊन ते माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, “उसाचं झालं. आता माझं करा.” कार्यालयातल्या काट्यावर उभे राहिले. चार किलो कमी भरले. मी माफी मागायला तोंड उघडले, तर म्हणाले, “माफी ऱ्हाऊ द्या साहेब. मला सांगितलं नाही ते बाकीच्यांना सांगा.”

म्हणून हे सांगितले. शेतकी गट कार्यालयांत वजनकाटा आणि टेप ठेवली आहे. ऊस नोंदीला याल तेव्हा आपलीही नोंद करून जा, आणि कुठली गोळी चालू आहे तेही सांगा. या वेळी मी आधी विचारणार आहे.

पुढच्या अंकी हुमणी.

आपला,
ऊस विकास अधिकारी